कॅमेऱ्याला ‘हा तोच माणूस’ हे कळतं कसं? महालनोबिस यांच्या सात पानांची गोष्ट

प्रयागराजच्या महाकुंभात २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत शेकडो एआय कॅमेरे गर्दीवर रोखलेले होते. मेळा संपला तेव्हा ६६ कोटींहून अधिक भाविक येऊन गेल्याचा आकडा उत्तर प्रदेश सरकारने जाहीर केला. याच मेळ्यात २९ जानेवारीला, मौनी अमावास्येच्या पहाटे, संगमाजवळ चेंगराचेंगरी झाली आणि सरकारी आकड्यानुसार ३० जणांचा जीव गेला. गर्दी मोजण्याचा उपयोग फक्त विक्रम सांगण्यापुरता नसतो, तो इथे दिसतो. एका जागी किती माणसं जमली आहेत आणि ती वाढतायत का, हे वेळेत कळलं तर रस्ता बंद करता येतो, लोंढा दुसरीकडे वळवता येतो. आता नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ समोर आहे, त्यामुळे हा प्रश्न महाराष्ट्राच्या दारात आलेला आहे.

चालू व्हिडीओतली माणसं मोजणाऱ्या अनेक सॉफ्टवेअरच्या पोटात एक भारतीय नाव आहे. ‘महालनोबिस अंतर’. ज्यांच्या नावाने हे अंतर ओळखलं जातं ते प्रशांतचंद्र महालनोबिस १९७२ मध्ये गेले. नियोजन आयोग आणि दुसरी पंचवार्षिक योजना यामुळे ते पाठ्यपुस्तकात असतात. पण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग एकाच गोष्टीच्या मागे गेला. मोजलेला आकडा किती चुकलेला असू शकतो, हे कसं ओळखायचं?

कॅमेरा माणसं मोजतो म्हणजे काय करतो?

व्हिडीओ म्हणजे एका सेकंदात २५-३० फोटो. सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोत माणसासारखं जे दिसेल त्याभोवती चौकट आखतं. हे काम आता बऱ्यापैकी सोपं झालं आहे. अडचण पुढच्या फोटोत येते. तिथेही चौकटी आहेत, पण त्यातली कुठली चौकट मघाच्या कुठल्या माणसाची? हे ठरवता आलं नाही, तर दाराशी दोन मिनिटं उभा राहिलेला एक माणूस हजारो माणसं म्हणून मोजला जाईल.

म्हणून प्रत्येक माणसाला एक नंबर दिला जातो आणि तो पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधला जातो. मग नवी चौकट त्या अंदाजाच्या जवळ आहे का, हे पाहिलं जातं. इथे ‘जवळ’ या शब्दातच सगळी मेख आहे. रेल्वेच्या पादचारी पुलावरून माणूस सरळ चालला आहे. तो पुढे किती सरकेल हे नक्की नाही, चाल कमी-जास्त होते. पण तो एकदम बाजूला उडी मारणार नाही. त्यामुळे ५० पिक्सेल पुढे दिसलेली चौकट त्याची असू शकते. ५० पिक्सेल बाजूला दिसलेली बहुधा दुसऱ्याची. पट्टीने मोजलं तर दोन्ही अंतरं सारखीच. शक्यतेने मोजलं तर एक जवळ, एक लांब. हे शक्यतेचं मोजमाप म्हणजे महालनोबिस अंतर.

पण ते सांख्यिकीत आले कसे?

चुकून. किमान तीन योगायोग एकामागे एक घडले.

२९ जून १८९३ रोजी कोलकात्यात एका सुखवस्तू ब्राह्मो कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आजोबा गुरुचरण हे आज बांगलादेशात असलेल्या विक्रमपूरहून शहरात आले होते. देवेंद्रनाथ टागोरांच्या सहवासात ते ब्राह्मो समाजाचे झाले आणि १८६४ मध्ये त्यांनी एका विधवेशी लग्न केलं. त्या काळात त्याची किंमत मोजावी लागत असे, ती त्यांनी मोजली. नातू प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकला. तिथे जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय शिकवत होते. १९१२ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेऊन पुढच्या वर्षी तो इंग्लंडला निघाला, लंडन विद्यापीठात प्रवेश घ्यायला.

पहिला योगायोग केंब्रिजमधला. लंडनला प्रवेश घेण्याआधी एक दिवस ते केंब्रिज बघायला गेले. किंग्ज कॉलेजचं चॅपल बघण्यात इतके रमले की परतीची गाडी चुकली. रात्री मित्राकडे मुक्काम झाला. त्याने सुचवलं, इथेच प्रयत्न करून बघ. दुसऱ्या दिवशी मुलाखत झाली आणि प्रवेश मिळाला. तिथे त्यांची श्रीनिवास रामानुजन यांच्याशी मैत्री झाली. थंडीने कुडकुडणाऱ्या रामानुजन यांना रात्री अंगावर काय घ्यायचं हेच कळत नव्हतं. ओव्हरकोट घालून ते पलंगपोसाच्या वर झोपत. ब्लँकेटं खाली गादीत नीट खोचलेली आहेत आणि त्यांच्या आत शिरायचं असतं, हे महालनोबिस यांनी उलगडून दाखवलं.

दुसरा योगायोग १९१५ मधला. पदवी पहिल्या वर्गात मिळाली होती, सुट्टीत घरी जाऊन परत यायचं आणि कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत सी. टी. आर. विल्सन यांच्याकडे संशोधन करायचं, असं ठरलं होतं. पहिलं महायुद्ध सुरू असल्याने बोट लांबली. त्या रिकाम्या दिवसांत मॅकॉले या शिक्षकाने ग्रंथालयात ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाचे अंक दाखवले. सजीवांची मोजमापं आणि त्यावरचं गणित, असा त्याचा विषय. महालनोबिस यांनी सगळा संच विकत घेतला आणि बोटीवर वाचत सुटले. घरी पोहोचल्यावर प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवण्याची संधी मिळाली आणि कॅव्हेंडिश राहून गेलं.

नागपुरात काय झालं?

तिसरा योगायोग नागपूरचा. १९२० च्या इंडियन सायन्स काँग्रेसचं अधिवेशन तिथे भरलं होतं. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल यांच्याशी महालनोबिस यांची गाठ पडली. अ‍ॅनंडेल यांच्याकडे कोलकात्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराची मोजमापं पडून होती. उंची, डोक्याची लांबी-रुंदी, नाकाची मापं वगैरे. त्यातून काही अर्थ निघतो का ते बघा, असं त्यांनी या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला सांगितलं. त्यावरचा पहिला लेख १९२२ मध्ये आला.

त्या वेळी माणसांच्या गटांची तुलना करण्यासाठी लंडनच्या कार्ल पिअर्सन यांचं एक सूत्र वापरलं जाई. पिअर्सन म्हणजे सांख्यिकीतलं त्या काळचं सर्वात मोठं नाव आणि ‘बायोमेट्रिका’चे संपादक. महालनोबिस यांना त्या सूत्रात खोट दिसली. मोजलेल्या माणसांची संख्या वाढवली की दोन गटांतला फरकही वाढल्यासारखा दिसे. म्हणजे ते सूत्र दोन गट वेगळे आहेत की नाही हे सांगायचं, किती वेगळे आहेत हे सांगत नव्हतं. फरक आहे का आणि फरक किती आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आज सोपं वाटतं. पण पिअर्सन यांच्या समोर जाऊन हे म्हणणं सोपं नव्हतं, आणि १९२७ मध्ये महालनोबिस त्यांच्याच प्रयोगशाळेत काही महिने काम करून आले होते. पिअर्सन यांना ते पटलं नाही.

पुढे १९३६ मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेस ऑफ इंडियाच्या नियतकालिकात महालनोबिस यांचा सात पानांचा लेख छापून आला. महालनोबिस अंतर म्हणून जे जगभर शिकवलं जातं, ते तिथलं.

त्यातली कल्पना उदाहरणाने समजते. ५ फूट १० इंच उंची असलेली माणसं पुष्कळ असतात. ४५ किलो वजनाची माणसंही पुष्कळ असतात. पण ५ फूट १० इंच आणि ४५ किलो हे एकाच माणसात क्वचित सापडतं, कारण उंची आणि वजन एकमेकांच्या सोबतीने वाढतात. दोन मापं वेगवेगळी बघितली तर विचित्रपणा लक्षात येत नाही, एकत्र बघितली तर लगेच येतो. महालनोबिस अंतर दोन गोष्टी हिशेबात घेतं. एक, प्रत्येक माप एरवी किती मागे-पुढे होतं. दोन, ती मापं एकमेकांशी कशी बांधलेली आहेत. ज्या दिशेने फरक नेहमीच पडतो, तिथला मोठा फरकही लहान धरायचा. जिथे सहसा पडत नाही, तिथला छोटा फरकही मोठा धरायचा. पुलावरून चालणारा तो माणूस आठवून पाहा.

मग हे अंतर कॅमेऱ्यात कुठे बसलं?

सर्वात ठळक उदाहरण ‘डीपसॉर्ट’चं. २०१७ मध्ये मांडलेली ही पद्धत माणसांचा माग काढण्यासाठी खूप वापरली गेली. चौकटीच्या मध्यबिंदूच्या दोन जागा, चौकटीचा आकार आणि उंची अशी चार मापं ती घेते. अंदाज आणि नवी चौकट यांच्यातलं महालनोबिस अंतर काढते आणि त्याचा वर्ग ९.४८७७ पेक्षा जास्त आला, तर हा तो माणूस नाही असं धरते. चौकटीला दाराबाहेर ठेवण्याचंच हे काम आहे. जे आत येतात त्यांच्यातून निवड करायला कपडे, दिसणं अशा खुणा मदतीला घेतल्या जातात.

हा ९.४८७७ आकडा ‘काय-स्क्वेअर’ तक्त्यातला आहे आणि काय-स्क्वेअर चाचणी १९०० मध्ये मांडली होती कार्ल पिअर्सन यांनीच. हयातीत न पटलेले दोघे कोडच्या एकाच ओळीत शेजारी बसले आहेत.

त्यात एक गंमतशीर धोकाही आहे. माणूस खांबाआड गेला की तो कुठे असेल याची अनिश्चितता दर फोटोगणिक वाढत जाते. अनिश्चितता वाढली की सगळ्याच चौकटी त्याला ‘जवळच्या’ वाटू लागतात. म्हणजे ज्याच्याबद्दल सर्वात कमी माहिती आहे, तोच दुसऱ्याची चौकट पटकावण्यात पुढे. डीपसॉर्ट तयार करणाऱ्यांना हे माहीत होतं. म्हणून त्यांनी नियम केला की नुकत्याच दिसलेल्या माणसांना आधी जुळवायचं, बराच वेळ गायब असलेल्यांना नंतर. दाट गर्दीत मात्र सगळेच कुणाच्या तरी आड असतात. तिथे नंबर बदलतात, एका माणसाचे दोन होतात, दोघांचा एक होतो. म्हणूनच फार दाट गर्दीत एकेक माणूस न मोजता चित्राच्या तुकड्यात किती डोकी असावीत याचा थेट अंदाज काढणाऱ्या पद्धती वापरतात.

माणसांची मापं घेणं तेव्हाही निरागस नव्हतं

चेहऱ्या-शरीराच्या मापांवरून माणसांची वर्गवारी करण्याचा तो काळ होता. ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापांवरून जातींची उतरंड लावायचा प्रयत्न केला होता. महालनोबिस याच कामात उतरले, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९३३ मध्ये तर त्यांनी जिवंत माणसाच्या चेहऱ्याची बाह्यरेषा टिपणारं छायाचित्रण यंत्रही सादर केलं. पण त्यांचं लक्ष आकड्यांच्या खरेपणावर होतं. त्याच वर्षी त्यांनी रिस्ले यांच्या छापील मोजमापांतल्या चुका शोधून दुरुस्त करणारा लेख लिहिला. बंगालच्या त्यांच्या विश्लेषणात तिथले ब्राह्मण इतर प्रांतांतल्या ब्राह्मणांपेक्षा बंगालमधल्याच इतर जातींना अधिक जवळचे दिसले. उतरंडवाल्यांना आवडावं असं हे उत्तर नव्हतं.

मध्यंतरी घरीही उलथापालथ चालू होती. १९२३ मध्ये त्यांनी निर्मलकुमारी ऊर्फ रानी यांच्याशी लग्न केलं. सासरे हेरंबचंद्र मैत्र यांचा त्याला विरोध होता. ब्राह्मो समाजाच्या विद्यार्थी शाखेच्या नियमांवरून, त्यात दारू-तंबाखूचं कलमही होतं, त्यांचा आणि महालनोबिस यांचा खटका उडालेला. लग्नात वधूपित्याच्या जागी महालनोबिस यांचे मामा, प्रसिद्ध डॉक्टर नीलरतन सरकार उभे राहिले. रवींद्रनाथ टागोर या दाम्पत्याच्या जवळचे. विश्वभारतीच्या सचिवपदाचं काम महालनोबिस यांनी १९३१ पर्यंत दहा वर्षं सांभाळलं.

२३८ रुपयांची संस्था

१७ डिसेंबर १९३१ रोजी प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या खोलीत इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. पहिल्या वर्षाचा खर्च २३८ रुपये. दोन वर्षांनी ‘सांख्य’ हे नियतकालिक सुरू झालं. राजचंद्र बोस, समरेंद्रनाथ रॉय, पुढे सी. आर. राव असे तरुण तिथे आले.

संस्था उभी राहण्याआधीच महालनोबिस यांनी आकड्यांच्या जोरावर बड्या तज्ज्ञांना चुकीचं ठरवलं होतं. १९२२ मध्ये उत्तर बंगालात महापूर आला. सरकारी अभियंते पाणी अडवायला खर्चिक तलाव बांधायच्या विचारात होते. महालनोबिस यांनी सुमारे ५० वर्षांच्या पावसाच्या आणि पुराच्या नोंदी तपासल्या आणि दाखवलं की अडचण पाण्याचा निचरा लवकर न होण्याची आहे, तलाव बांधून उपयोग नाही. काही वर्षांनी ओडिशात नदीचं पात्र वर आल्याने पूर येतो असं तज्ज्ञ म्हणत होते. तिथेही जुन्या नोंदींत पात्र वर आल्याचा पुरावा सापडला नाही. नोंदी सगळ्यांना उपलब्ध होत्या. कुणी बसून बघितल्या नव्हत्या, इतकंच.

तागाचं शेत आणि मोजणाऱ्यांच्या दोन तुकड्या

खरी कसोटी तागाने घेतली. ताग हे बंगालचं मुख्य नगदी पीक. किती क्षेत्रावर लागवड झाली यावर भाव ठरे, म्हणून आकड्याला पैशाची किंमत होती. १९३७ पासून महालनोबिस यांनी नमुना पाहणी सुरू केली. सगळी शेतं मोजायची नाहीत. नकाशावर यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या काढल्यासारखे, तुकडे निवडायचे. तिथे जाऊन मोजायचं आणि त्यावरून एकूण अंदाज काढायचा. आधी लहान, मग मोठी, मग त्याहून मोठी, अशी दरवर्षी पाहणी वाढवत नेली.

टीका व्हायची ती झाली. थोड्या तुकड्यांवरून अख्ख्या बंगालचं काय सांगणार? १९४१ मध्ये उत्तर मिळालं. ताग गिरण्यांत जातो किंवा बोटीने परदेशी जातो. त्यामुळे हंगाम संपल्यावर व्यापार आणि सीमाशुल्काच्या नोंदींतून खरं उत्पादन कळतं. सरकारी आकडा त्यापेक्षा १६ टक्क्यांहून जास्त कमी निघाला. नमुना पाहणीचा फरक होता अर्ध्या टक्क्याच्याही आत, आणि खर्च सरकारी मोजणीच्या मानाने अगदीच किरकोळ.

सगळं मोजूनही चूक मोठी का? कारण हजारो माणसं मोजायला लावली की त्यांच्या कामावर लक्ष ठेवणं अशक्य होतं. कुणी शेतावर न जाताच आकडा भरतो, कुणी कंटाळून अंदाजे लिहितो. महालनोबिस यांनी यावर जी युक्ती काढली ती त्यांची सर्वात मोलाची देणगी म्हणावी लागेल. नमुन्याचे दोन स्वतंत्र भाग करायचे, दोन्ही त्याच भागात एकमेकांत गुंफलेले. दोन वेगळ्या तुकड्या पाठवायच्या. एकीला दुसरीच्या आकड्यांचा पत्ता नाही. दोघींची उत्तरं जवळ आली तर विश्वास ठेवायचा. लांब गेली तर कुठेतरी गडबड आहे आणि किती आहे, तेही कळतं.

गर्दी मोजणाऱ्या यंत्रणा आज महालनोबिस यांचं अंतर वापरतात. त्यांची ही दुसरी सवय मात्र फार कमी ठिकाणी दिसते. एका दरवाज्यावर दोन वेगळ्या कोनांतले, वेगळ्या पद्धतीने मोजणारे कॅमेरे आणि अधूनमधून हाताने केलेली मोजणी, असं ठेवलं की चूक आपोआप उघडी पडते. त्याऐवजी आपल्याला बहुधा एकच मोठा आकडा ऐकायला मिळतो आणि त्याच्या मागे-पुढे किती, हे सांगितलं जात नाही.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळात मोजण्याचं हे काम सर्वात जड झालं. गावोगावी माणसं मरत होती आणि किती गेली याची धड नोंद नव्हती. सरकारी चौकशी आयोगाने मृतांची संख्या १५ लाखांच्या आसपास धरली. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज त्याच्या दुपटीपर्यंत जातात. महालनोबिस आणि सहकाऱ्यांनी दुष्काळानंतर नमुना पाहणी केली. कुणाची जमीन विकली गेली, कोण देशोधडीला लागलं, कोणत्या व्यवसायातली घरं सर्वात जास्त उद्ध्वस्त झाली, हे घरोघर विचारून नोंदवलं. तो अहवाल १९४६ मध्ये आला.

बुधच्या पांडुरंग सुखात्मे यांनी दाखवलेली चूक

महालनोबिस यांनाही चूक दाखवणारा भेटला, आणि तो सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे तेव्हा दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत सांख्यिकीचं काम बघत. भाताचं उत्पादन काढायला शेतातला छोटा तुकडा कापून त्याचं धान्य तोलायचं, ही पीक कापणीची पद्धत. महालनोबिस जेमतेम चार फूट त्रिज्येची छोटी वर्तुळं घ्यायचे. लहान तुकडे असले की कमी खर्चात जास्त ठिकाणी जाता येतं.

सुखात्मे यांचं म्हणणं होतं, यात उत्पादन जास्त दिसतं. कारण कडेवरची रोपं. रेषेवर उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर? कापणारा माणूस नकळत ते आत ओढतो. मोठ्या तुकड्यात ही कड एकूण क्षेत्राच्या मानाने लहान असते. छोट्या वर्तुळात मात्र कडच कड, त्यामुळे चूक फुगते. १९४६ मध्ये सुखात्मे यांनी ‘नेचर’ नियतकालिकात हे मांडलं. वाद बराच रंगला, दोन्ही संस्थांमध्ये कटुताही आली. छोट्या तुकड्यांबाबतची सुखात्मे यांची शंका टिकून राहिली आणि देशभरच्या पीक कापणीत मोठे तुकडे रूढ झाले.

कॅमेऱ्यात हीच कड पुन्हा भेटते. दारावर आडवी रेषा आखून ती ओलांडणारे मोजायचे, ही नेहमीची पद्धत. पण रेषेवरच उभा राहून फोनवर बोलणारा, एक पाऊल पुढे-मागे करणारा माणूस? त्याची चौकट थरथरते आणि तो दर वेळी नवा मोजला जाऊ शकतो. म्हणून एका ऐवजी दोन रेषा आखतात. दोन्ही ओलांडल्या तरच एक धरायचा. चित्राच्या काठावर अर्धवट दिसणाऱ्या माणसांचंही तेच. कॅमेऱ्याचं क्षेत्र जितकं छोटं, तितका काठाचा वाटा मोठा.

पुणे, दिल्ली आणि देशाचा हिशेब

स्वातंत्र्यानंतर देशाचं उत्पन्न किती, हेच धड माहीत नव्हतं. १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. अध्यक्ष महालनोबिस आणि सदस्य दोन, व्ही. के. आर. व्ही. राव आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. खेड्यातला माणूस खातो काय, खर्च किती करतो याची माहितीच नसल्याचं समोर आलं आणि त्यातून १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पहिल्या फेरीसाठी १,८३३ गावं निवडली होती. कोलकात्याच्या संस्थेच्या बरोबरीने काही गावांचं काम गोखले संस्थेकडे होतं, तेही तिच्या वेगळ्या प्रश्नावलीने. वि. म. दांडेकर यांनी या पुण्याच्या प्रश्नावलींवर स्वतंत्र अहवाल लिहिला, तो १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका देशाचं मोजमाप दोन ठिकाणांहून, दोन पद्धतींनी.

पुढचं महालनोबिस यांचं आयुष्य बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. अवजड उद्योगांवर भर देणारी दुसरी पंचवार्षिक योजना त्यांच्या गणिती आराखड्यावर बेतलेली होती. त्या निवडीवर आजही वाद होतात आणि व्हायला हवेत; शेती मागे पडली, ही टीका दुर्लक्ष करण्यासारखी नाही. कॅमेऱ्यांच्या गोष्टीत अधिक महत्त्वाचं आहे ते १९५६ मध्ये त्यांच्या संस्थेत सुरू झालेलं ‘एचईसी-टू-एम’ हे यंत्र. इंग्लंडहून आलेला हा भारतातला पहिला डिजिटल संगणक. तीन वर्षांनी सोव्हिएत रशियाचा ‘उरल’ आला. तोवर ही सगळी गणितं हाताने फिरवायच्या यंत्रांवर चालायची. चार मापांचं महालनोबिस अंतर आज फोनच्या चिपला क्षणाचंही काम नाही. तेव्हा शेकडो माणसांच्या मापांवर ते काढायला माणसं महिनोन्महिने बसत.

संस्था मोठी झाली तसा त्यांचा एकछत्री कारभारही डोळ्यांवर आला. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ मध्ये मोठ्या उत्साहाने तिथे आले आणि चार वर्षांत भांडून बाहेर पडले. इतरांचं काम बारकाईने तपासणाऱ्या माणसाला स्वतःवरचा अंकुश मात्र सहन होत नसे, असं त्यांच्या काळातल्या अनेकांचं मत होतं.

१९६८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. २८ जून १९७२ रोजी, एकोणऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते कोलकात्यात गेले. संस्थेची सूत्रं सी. आर. राव यांच्याकडे आली. २९ जून हा त्यांचा जन्मदिवस २००७ पासून सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो.

डीपसॉर्टसारख्या पद्धती आज मॉलच्या दारापासून रस्त्यावरच्या चौकांपर्यंत वापरल्या जातात. पुढच्या वेळी वर्दळीच्या ठिकाणच्या स्क्रीनवर माणसांभोवती रंगीत चौकटी आणि त्यावर नंबर दिसले, तर एका नंबरावर नजर ठेवून बघा. तो माणूस खांबाआड जाऊन बाहेर आला की नंबर तोच राहतो का बदलतो.